पडद्याला पाणी

बसा रे, बसा. पॅसेंजर तासाभराच्या आत काय येत न्हाई, आत्ताच मास्तरला विचारून आलो. पिंगळीच्या ठेसनावर थंडीत उभं राहिल्यानं गाडी लवकर आली असती तर मी आजवर कधी बसलोच नसतो. या इकडं, बाकड्यावर. आन् त्या मोबाईलच्या बत्त्या बंद करा आधी, डोळ्यात घुसायल्यात. काय म्हणलास? नानाची शाल मळकी हाय? हसा, हसा. सुनंनं दोन नव्या आणून ठेवल्यात घरात. मी हीच घेतो.

तू रं भारत, तुझा भाऊ मानवतला जिनिंगवर कामाला लागायलाय म्हणालास न्हवं मघाशी? कुठल्या जिनिंगवर? गावाबाहेरची? जुनी? ... हं.

न्हाई, काही न्हाई. लागू दे. काम तर पाहिजेच माणसाला. पण गाडीला वेळ हाय, तर एक सांगतो. ही कुठं ऐकलेली उडती गोष्ट न्हाई. माझ्या जिवाभावाच्या दोस्तावर गुदरलेली हाय. चन्नप्पा त्याचं नाव, गंगाखेडचा. तुमी ओळखणार न्हाई त्याला.

चन्नप्पा टॉकीजमधी ऑपरेटर होता. चौतीस वर्षं मशीन चालवलं त्यानं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, तोंडात कधी शिवी न्हाई. नवीन संगणकाचं मशीन आलं आन् ह्याला घरी बसवलं. दोन वर्षांनी टॉकीजच बंद पडली. बायको गंगम्मा आधीच गेलेली. राहिली एक पोरगी, अनुपमा. बीकॉम पास, पहिल्या वर्गात. बापलेक मानवतला खोली करून राहिले आन् ती बीकॉम झालेली पोरगी जिनिंगमधी कापसातला कचरा निवडायला बसायला लागली. दिवसभर त्या तुसात बसायचं आन् रातभर खोकायचं. तिचा खोकला तरी कसा, आधी दोन बारीक, मग एक लांब, मग दम लागल्यावानी गप्प. चन्नप्पा रातभर जागा राहून ते ऐकायचा. मला म्हणायचा, "वैजीनाथ, मला काय बी नको रे. ही पोरगी त्या धुळीतून उठून ऑफिसात खुर्चीवर बसली पाहिजे. मग मी मेलो तरी चालतंय." त्याच्या जिंदगीत दुसरं मागणंच न्हवतं.

आन् एक दिवस जिनिंगच्या मालकाचाच निरोप आला, दत्तरावांचा.

झालं असं, की जिनिंगला शंभर वर्षं भरली होती. निजामाच्या टायमाची जिनिंग, दत्तरावांच्या आज्यानं काढलेली. जुनी खोली साफ करताना पत्र्याचे चार चपटे डबे सापडले. त्यात सिनेमाची रिळं, मुक्या सिनेमाची, वर 'जादा जोड' लिहिलेलं. मालक खूश झाले. म्हणले, शंभरीच्या कार्यक्रमाला हाच सिनेमा दाखवायचा, त्याच गोदामात, आज्याच्या वेळी दाखवला होता तसाच. पाव्हणे पडद्याच्या पुढं सोफ्यावर, मजूर पडद्याच्या मागं. आन् चन्नप्पाला म्हणले, "खेळ नीट झाला पाहिजे. झाला, की तुमची पोरगी एक तारखेपासून ऑफिसात."

चन्नप्पा तिथंच रडला, बापडा.

तारीख माझ्या पक्की ध्यानात हाय. दोन हजार बावीस, डिसेंबरची अठरा, रविवार. माझा टेंपो होता तवा. चन्नप्पाच्या उस्तादाचं जुनं मशीन गंगाखेडला पडून होतं, तंबूतल्या सिनेमाचं, हातानं फिरवायचं. ते आमी दुपारी टेंपोत टाकलं आन् पाचच्या सुमाराला जिनिंगमधी उतरवलं. खेळ दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी होता. पण चन्नप्पा म्हणला, जुनी पट्टी हाय, आज एकदा चालवून बघतो. थंडी लय पडली होती. मी निघताना माझी शाल त्याच्या अंगावर टाकली. नवी कोरी होती, पांढरी सफेद. म्हणलं, उद्या दे. आन् मी गेलो.

आता ते गोदाम कसं हाय ते नीट ध्यानात घ्या. लांबलचक. पुढं मोठं दार, पार मागं एक लाकडी दार. मधी आडवा पडदा बांधलेला. पडद्याच्या दोन्ही अंगाला कापसाच्या गठाणी, पार आढ्यापर्यंत. म्हणजे पुढचा माणूस मागं जाऊ शकत न्हाई आन् मागचा पुढं येऊ शकत न्हाई. मागच्याला एकच वाट, ते लाकडी दार. त्याला बाहेरून कुलूप.

चन्नप्पानं मशीन लावलं. बादलीभर पाणी आणलं आन् लिंबाच्या डहाळीनं पडद्यावर शिंपडायला लागला. का? तर उस्तादानं शिकवलेलं. कोरड्या कापडातून चित्र मागं उतरत न्हाई. मागं माणसं बसवायची असली तर पडदा ओला करावा लागतो. पहिल्यांदी असंच चालायचं, पैसेवाले पुढं, गरीब मागं. मागच्यांना सगळं उलटं दिसायचं, डावा हात उजवा. दिसू दे उलटं, पण दिसलं पाहिजे, म्हणून पाणी. उस्ताद म्हणायचा, "पानी मारा तो समझो पीछेवालों को बुलाया."

त्या राती मागं कुणीच न्हवतं. उगी सवयीनं हात चालला त्याचा. तिथं चुकला तो.

आणखी एक गोष्ट. त्या काळातली पट्टी म्हणजे बारूद. कापसाच्या आधी पेटती आन् पाण्यानं बी विझत न्हाई. हँडल सारख्या हातानं फिरवत राहायचं. हात थांबला की दिव्याची धग एकाच चित्रावर बसती, आन् मग खलास. हे चन्नप्पाला माहीत होतं. मालकाला सांगितलं का त्यानं? न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर खेळ रद्द झाला असता, आन् पोरीची खुर्ची गेली असती. खोटं बोलला न्हाई तो. फक्त गप्प बसला.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यानं पहिलं रीळ लावलं.

सिनेमा बी कसा होता सांगू? एक कारखान्याचा मालक. सोन्याच्या मुठीची काठी, मोठा वाडा. उन्हात त्याचं कुत्रं झोपलेलं आन् त्या कुत्र्यावर छत्री धरून एक माणूस उभा. माणसाच्या डोक्यावर ऊन, कुत्र्याच्या अंगावर सावली. चन्नप्पाला हसू आलं ते बघून.

पडद्यामागं बी कुणीतरी हसलं.

चन्नप्पाला वाटलं, वॉचमन असंल. मागच्या दारानं आला असंल बघायला. येऊ दे, म्हणला. हात फिरत राहिला. पुढं एक कामगाराची बाई, मालकाची पोरगी, कारखान्याचं मोठं चाक, असं काय काय येत गेलं. मुका सिनेमा, बाबांनो. आपल्या सिनेमात कसा गाण्याचा, मारामारीचा दणका असतो, तसं काहीच न्हाई. मशीनची टरटर तेवढी. तिच्या आडून बारीकसारीक सगळं ऐकू येतं.

दुसरं रीळ लावलं. मागून बांगड्या वाजल्या.

मग लेकरू किरकिरलं. "श्श..." कुणीतरी गप्प केलं त्याला. मग खोकला. एकाचा न्हाई. चार-पाच जणांचा. कापसाच्या तुसाचा खोकला असतो ना, कोरडा, तसा. चन्नप्पाला तो चांगला ओळखीचा.

"कोण हाय मागं?" त्यानं आवाज दिला.

सगळं गप्प... एकदम गप्प.

अंगावर काटा आला त्याच्या. पण उठला न्हाई. तिसरं रीळ लावलं. का लावलं म्हणताल. मी बी विचारलं त्याला. म्हणला, "वैजीनाथ, उठून गेलो असतो तर उद्याचं काय? एक तारखेचं काय?"

तिसऱ्या रिळात संप होतो. मालक चिडतो. सगळ्या कामगारांना कारखान्यात कोंडतो आन् गेटाला कुलूप घालतो. बायामाणसं, लेकरं, सगळी आत. गेट बडवायला लागतेत. मूठ दिसती, तोंडं दिसतेत उघडी. ओरडायलेत. आवाज न्हाई.

आन् आवाज आला.

धप. धप. धप.

सिनेमातला न्हाई. मागून. त्या लाकडी दारावरून.

चन्नप्पाचा हात अडला. चित्राच्या कडेला तपकिरी डाग पसरला, जळका वास आला. त्यानं झटक्यात हँडल पुन्हा फिरवलं. थांबता येईना. बघवत बी न्हवतं आन् थांबता बी येत न्हवतं. थांबलं तर पेटंल...

धप. धप.

मग पडदा हलला. मधोमध फुगला. मागून कुणीतरी हात टेकवला ओल्या कापडाला. पंजा. साफ दिसायला लागला, ओलं कापड चिकटलं ना त्याला.

तीन बोटं.

अंगठा आन् दोन बोटं. बाकीची दोन बुडापासून गेलेली. जिनिंगच्या मशीनमधी जातेत तशी.

त्याच्या बाजूला दुसरा हात टेकला. मग तिसरा. मग खाली, पार खाली, एक बारका...

रीळ संपलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड. आन् त्या उजेडात मागच्या सावल्या दिसल्या. डोकी. रांगेनं बसलेली. पदर घेतलेली, मुंडाशी बांधलेली. तोंडं सगळ्यांची चन्नप्पाकडं.

चन्नप्पा हलला न्हाई. त्याला हलताच येईना.

मग ती डोकी वळली. सगळी एकदम. मागं. दाराकडं.

त्यानं दिवा बंद केला. मग देवाचं नाव घेतलं आन् बॅटरी घेऊन बाहेरून वळसा घालून मागच्या दाराशी गेला. कुलूप जसंच्या तसं. फटीतून बॅटरी मारली. आत कुणी न्हाई. जमिनीवर कापसाच्या धुळीचा थर होता. त्यावर पाऊल न्हाई, बसल्याची खूण न्हाई, काहीच न्हाई.

सकाळी तो जिनिंगच्या फाटकावर मालनबाईला भेटला. मालनबाई म्हणजे तिथली सगळ्यात जुनी कामवाली, साठीची. तिला त्यानं रातचं काही सांगितलं न्हाई. नुसतं विचारलं, "बाई, पहिल्यांदी खेळ दाखवला होता म्हणतेत, तवा काय झालं होतं?"

मालनबाईनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "मालकानं न्हाई सांगितलं तुमाला? कशाला सांगतील. आमची आजी सांगायची. पुढं साहेब लोक होते. मागं आमची माणसं. जेवणावळीकडं येऊ न्हाई म्हणून मागलं दार बाहेरून लावलं होतं. पट्टी पेटली. पुढचे निघाले बाहेर."

"आन् मागचे?"

मालनबाईनं गाठोडं उचललं आन् आत गेली. जाता जाता म्हणली, "आजीचा थोरला भाऊ होता त्यात. मशीनवरला होता. दोन बोटं न्हवती त्याला."

चन्नप्पा तिथंच खाली बसला.

तसाच उठून मालकाकडं गेला. दत्तराव मांडवात जेवणाचं बघायले होते. चन्नप्पानं हात जोडले. "मालक, एक अर्ज हाय. आज मागलं दार उघडं ठेवा."

"कशाला?"

"मागं बाया-लेकरं असतेत. एखादीला बाहेर जावं वाटलं तर..."

"दीड तासाचा खेळ, चन्नप्पा. इकडं मांडवात आमदार-खासदारांच्या घरचे लोक जेवायले असणार. त्या बाया लेकरं घेऊन इकडं आल्या तर इज्जत राहील का माझी? त्यांचं जेवण नंतर हाय, मी उपाशी ठेवायलो का त्यांना? आज्याच्या टायमाला बी असंच होतं." मालक काही राक्षस न्हवते, बरं का. चांगलं बोलायचे. त्यांच्या डोक्यात दुसरं काही येतच न्हवतं, एवढंच. मग त्यांनी चन्नप्पाकडं नीट बघितलं. "जमणार न्हाई का तुमाला? तसं सांगा. परभणीहून दुसरा माणूस बोलवतो. ऑफिसातल्या जागेला बी माणसं लय हायेत."

आता सांगा, तुमी काय म्हणला असता?

चन्नप्पा म्हणला, "जमतंय मालक."

त्या एका शब्दावर तो माणूस मरेपर्यंत थुंकला.

घरी आला. अनुपमा वेणी घालायली होती. तिला म्हणला, "बाई, आज रातच्या खेळाला येऊ नको."

"का आप्पा?"

"येऊ नको म्हणलं ना!"

उभ्या जन्मात तो पोरीवर ओरडला न्हवता. तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणली, "सगळ्या जणी येणार हायेत. तुमी मशीन चालवताना मी कधी बघितलंच न्हाई आप्पा. लहान होते तवा टॉकीजमधी येऊ देत न्हवते तुमी." चन्नप्पानं शाल तेवढी तिच्या अंगावर टाकली, माझी शाल, खोकला लय होता म्हणून. आन् निघून आला. बघा आता. बावीस बाया मागं बसणार होत्या, लेकरं धरून तीस जीव. त्यानं एकीलाच सांगितलं, आपल्या पोरीला. बाकीच्यांना सांगायला त्याची जीभ उचलली न्हाई.

संध्याकाळी साडेसातला खेळ सुरू झाला. सोमवार, एकोणीस तारीख. मी बी आलो होतो, टेंपोपाशी बसलो होतो बाहेर. पुढं सोफे, अत्तराचा वास, गुलाबाचे हार. मागं बायांना आत घेतलं, बाहेरून कुलूप घातलं आन् चावी मालकांनी कोटाच्या खिशात टाकली. चावी टाकताना चन्नप्पानं आपल्या डोळ्यांनी बघितलं, आत कोण कोण गेलं ते मात्र न्हाई.

त्या दिवशी त्यानं पडद्याला पाणी मारलंच न्हाई. मालक म्हणले, "अहो, मागच्यांना दिसणार कसं?" आन् वॉचमनच्या हातानं दोन बादल्या मारायला लावल्या. पडदा नुसता निथळत होता.

पहिलं रीळ झालं. कुत्र्यावर छत्री आली तसे पुढचे पाव्हणे हसले. मागून बाया हसल्या. चन्नप्पानं कान देऊन ऐकलं, त्यात आपल्या पोरीचं हसू न्हवतं. जीव भांड्यात पडला त्याचा. म्हणला, ऐकलं पोरीनं. दुसरं रीळ झालं. काही न्हाई. घाम फुटला होता थंडीत, पण हात सारखा चालला होता. आता भ्यायचं एकच उरलं, म्हणला. तिसरं निघालं की सुटलो. चौथ्यात काय होतं ते त्यानं दिव्यापुढं पट्टी धरून आधीच बघून ठेवलं होतं. मालकाची पोरगी बापाच्या खिशातून चावी काढती आन् गेट उघडती. पण आदल्या राती चौथं रीळ लागलंच न्हवतं. शंभर वर्षांमागं बी लागलं न्हवतं. गेट उघडतं का न्हाई, मागच्यांनी कधी बघितलंच न्हवतं, बाबांनो.

तिसरं रीळ लागलं.

गेट बंद झालं. माणसं बडवायला लागली. पुढं सोफ्यावर सगळे गप्प. मुका सिनेमा. मशीनची टरटर...

मागून खोकला आला.

येऊ दे. बायाच हायेत. कापसाच्या बाया हायेत.

मग दुसरा.

मग... दोन बारीक. एक लांब.

गप्प.

चन्नप्पाचा हात थांबला.

नुसता एवढा. डोळा मिटून उघडायला लागतो एवढा. "अनू?" असं तोंडातून निघालं त्याच्या. आन् पडद्यावरलं गेट मधोमध तपकिरी झालं, फुगलं, फाटलं... पट्टी भडकली.

हातानं धरायला गेला तो. पेटलेली पट्टी, उघड्या हातानं. कातडी गेली दोन्ही तळव्यांची. गठाणींना लागली. हवेत कापसाचा तूस होता, तो बी पेटला. पुढचे सगळे ओरडत दाराकडं पळाले, सोफे पडले, एकमेकांच्या अंगावर पडले, पण निघाले. पडदा ओला होता, म्हणून तेवढा टिकला जरा. पडद्यामागून किंकाळ्या... मी बाहेरून ऐकल्यात त्या. आजबी रातच्याला ऐकू येतेत.

चन्नप्पा बाहेर आला. मालकाला धरलं. जळलेल्या हातानं कॉलर धरली त्याची. "चावी! मालक, चावी द्या!"

मालकानं खिसे चाचपले. तोंड पांढरं फटक पडलेलं. "कोट... कोट गाडीत ठेवला..."

गाडी घरच्या बायांना घेऊन निघून गेली होती.

चन्नप्पा पळाला. मी त्याच्या मागं. ते गोदाम संपता संपंना रे. लांबलचक भिंत. भिंतीला हात लावला तर चटका. आतला आवाज कमी होत चालला... मग बंद झाला. चन्नप्पा पळता पळता नुसता "अनू, अनू" करायला लागला. लहान लेकरासारखा.

आमी मागं वळलो.

दार आडवं पडलेलं होतं. बाहेरच्या बाजूला, बिजागऱ्यांसकट उखडून. कुलूप तसंच, बंदच. आन् समोर मोकळ्या रानात बाया बसल्या होत्या, पोरं पोटाशी धरून. खोकायल्या, रडायल्या. बावीसच्या बावीस. लेकरं सगळी. मालनबाई मातीत कपाळ टेकून पडली होती. अनुपमा उभी होती. शाल अंगाला घट्ट धरून.

चन्नप्पा तिच्या पायाशीच कोसळला.

नंतर मी मालनबाईला विचारलं, दार कसं पाडलं म्हणून. म्हणली, "आमी न्हाई पाडलं. आमी तर पडद्याकडं पळालो होतो, फाडून पुढं यावं म्हणून. दाराकडं कुणीच न्हवतं." म्हणली, "मग आमच्या मागं लय गर्दी झाली. ढकलायला लागले. दाराकडं. बाप्पा, केवढी गर्दी..."

पेपरात आलं, विजेच्या तारेनं आग लागली. मालकानं ते गोदाम पत्रे ठोकून बंद केलं. ऑफिसातली खुर्ची मिळाली न्हाई, ते सांगायला नकोच. अनुपमा पुढं परभणीला एका कापडाच्या दुकानात लागली. खोकला हाय अजून. चन्नप्पाचे हात काही नीट झाले न्हाईत. पोरगी घास भरवायची त्याला. मागल्या आषाढात गेला तो. शेवटपर्यंत एकच म्हणायचा, "वैजीनाथ, मी जिता माणूस, मी फक्त माझी पोरगी वाचवायला बघितली. आन् ज्यांना कुणी बाहेर काढलं न्हाई त्यांनी सगळ्यांना काढलं. मी कुठल्या तोंडानं वर जाऊ?"

ती बघा, सिग्नल पडला. आली गाडी.

हां, शालीचं राहिलं. तेराव्याला अनुपमानं माझी शाल परत आणून दिली. म्हणली, "नाना, लय धुतली. रिठ्यानं धुतली, सोडा टाकून उकळली, गोदागंगेवर दगडावर आपटली. तेवढं जात न्हाई." म्हणली, त्या गर्दीत तिला सगळ्यात आधी ढकललं कुणीतरी, पाठीवर हात ठेवून. बापाच्या हातासारखा वाटला, म्हणली.

भारत, आता लाव तुझी बत्ती. माझ्या पाठीवर मार उजेड. खांद्याच्या खाली... दिसलं?

बोटं मोज.

चल, उठा, गाडी लागली. आन् बोट लावलंस ना? पूस ते. मी पुसत न्हाई. अजून बी काजळी हाताला लागती.